घरांतील बंदूक आणि घरांतील माणसें

शेतीचा हिशेब, मुलांचीं शिक्षणें, वडील माणसांचीं दुखणीं हे या सदराचे नेहमींचे विषय. त्यांच्याच शेजारीं बसणाऱ्या, पण सहसा मोठ्यानें न बोलल्या जाणाऱ्या एका विषयाकडे या महिन्यांत वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. घरांतील एखाद्या कर्त्या माणसास बंदुकीचा परवाना काढावासा वाटतो आणि बाकीच्यांस ती कल्पना रुचत नाहीं; अशा वेळीं घरांत बोलणें कसें व्हावें, हा तो विषय होय.

वऱ्हाडांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं अकोट, तेल्हारा, अचलपूर या बाजूस ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, त्यांस रानडुक्कर आणि रोही यांची ओळख करून द्यावयास नको. भुईमूग भरूं लागला, कीं डुकरांचा कळप एका रात्रींत तासच्या तास उकरून टाकतो. तूर व हरभरा हिरवा असतां रोही शिरले, तर खाण्याहून तुडवण्यानेंच अधिक नुकसान होतें. अशा वेळीं अकोल्यांत किंवा अमरावतींत राहून शेती पाहणाऱ्या घरांतला थोरला भाऊ म्हणतो, "परवाना काढूं." धाकटा म्हणतो, "दादा, घरांत चार लहान मुलें आहेत." आई कांहींच बोलत नाहीं, पण त्या रात्रीं तिला झोपहि लागत नाहीं.

यापुढील बोलणें बहुतेक घरांत एकाच रीतीनें बिघडतें. ज्यास बंदूक हवी असते तो इतिहासाकडे आणि मर्दुमकीकडे वळतो. ज्यास ती नको असते तो वर्तमानपत्रांतील भयंकर बातम्यांकडे वळतो. एकास दुसरा भित्रा वाटतो, दुसऱ्यास पहिला आततायी वाटतो, आणि मूळ प्रश्न, म्हणजे या घराला या शस्त्राची गरज आहे काय आणि असल्यास तें सांभाळण्याची या घराची तयारी आहे काय, हा तसाच पडून राहतो.

प्रथम इतिहासाचाच विचार करूं, कारण सुशिक्षित घरांत त्याचा आधार फार घेतला जातो. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ चा शस्त्रकायदा झाला आणि हिंदी माणसाचें हत्यार परवान्याच्या बंधनांत आलें. युरोपियनांस मात्र त्यांतून सूट मिळाली. हा भेद आपल्या लोकांस अपमानास्पद वाटला व तो तसा होताहि. म्हणूनच १९३१ सालीं कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद करण्यांत आला. पुढें डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितींत श्री. हरि विष्णु कामत यांनीं तोच हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी उपसूचना मांडली. ते आपल्याच मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधि होते. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला, तर गुन्हेगारी वृत्तीचे लोकहि तो हक्क म्हणून मागतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आणि उपसूचना मान्य झाली नाहीं. तेव्हां इतिहास दोन्ही बाजूंस कांहीं ना कांहीं देतो. पण त्याचा निष्कर्ष एवढाच, कीं आपल्या देशांत बंदूक हा जन्मसिद्ध हक्क नसून विशिष्ट कारणासाठीं मिळणारी परवानगी आहे. घरांत "हा माझा हक्क आहे" असें म्हणून वाद मिटवूं पाहणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

आतां कायद्याकडे येऊं. १९५९ चा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्याच्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची सोय केलेली आहे. तेवढ्यानें भागणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकहि मंजूर करतां येते. अर्ज आल्यावर पोलिसांकडून चौकशी होते. २०१६ च्या नियमांनीं अर्जदाराच्या शरीरप्रकृतीकडे, मनःस्थितीकडे व हत्यार सुरक्षित ठेवण्याच्या व्यवस्थेकडे अधिक लक्ष पुरविलें आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत पांच वर्षें केली, एका माणसास दोनहून अधिक बंदुका ठेवण्यास मनाई केली, आणि लग्नकार्यांत हर्षापोटीं गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. निवडणुकीच्या काळांत हुकूम होतांच बंदूक ठाण्यांत जमा करावी लागते.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं बंदूक बाळगण्याची परवानगी आणि जनावर मारण्याची परवानगी या दोन भिन्न गोष्टी आहेत. रानडुक्कर व रोही या दोघांसहि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें छत्र आहे. पिकांचा नाश करणाऱ्या जनावरास मारावयाचें, तर वनखात्याकडून त्यासाठीं निराळी लेखी परवानगी घ्यावी लागते. मेळघाट हा १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे; नरनाळा व वान हीं अभयारण्येंहि याच पट्ट्यांत आहेत. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आंत नवा परवाना द्यावयाचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमति लागते. "बंदूक आणली कीं डुकरांचा बंदोबस्त झाला" असें समजणाऱ्या दादाला हें घरांत कोणी तरी शांतपणें सांगावयास हवें. शेताच्या कांठावर अंधारांत झालेला एक चुकीचा बार राखणदाराला लागूं शकतो, शेजारच्या गड्याला लागूं शकतो.

चोरांच्या भीतीनें परवाना मागणाऱ्यांनींहि असाच विचार करावा. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्या कायद्यांत पूर्वींपासून आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो कायम आहे. परंतु संरक्षणापुरती जेवढी गरज, तेवढेंच बळ वापरावें, ही त्याची मर्यादा आहे. पळून जाणाऱ्या भुरट्या चोराच्या पाठीवर गोळी झाडणें हें संरक्षण ठरत नाहीं.

यानंतर घराच्या आंतील प्रश्न. आजी विचारते, "नातवंडें दिवसभर घरभर हिंडतात. त्यांचें काय?" या प्रश्नास "तुम्ही काळजी करूं नका" हें उत्तर नव्हे. उत्तर असें असावें: बंदूक नेहमीं रिकामी राहील, ती भिंतींत पक्क्या बसविलेल्या लोखंडी कपाटांत राहील, दारूगोळा दुसऱ्या कुलुपांत, दुसऱ्या खोलींत राहील, किल्ल्या कोणाजवळ हें मुलांस ठाऊक नसेल, आणि परवान्यावर ज्याचें नांव नाहीं तो ती हातांत धरणार नाहीं, मग तो सख्खा भाऊ असो कीं कॉलेजांत जाणारा मुलगा. फवारणीच्या औषधांविषयीं जी शिस्त शेतकऱ्याच्या घरांत असावयास हवी, तीच येथेंहि हवी. मुलांपुढें नुसतें "हात लावूं नको" म्हणून भागत नाहीं; मुलांचें कुतूहल मोठ्यांच्या आज्ञेहून बलवत्तर असतें. खंडेनवमीस शस्त्रपूजन करण्याची जुनी चाल ज्या घरांत आहे, तेथें तर त्या दिवशीं अधिकच दक्षता घ्यावी, कारण एरवीं कुलुपांत असलेली वस्तु त्याच दिवशीं पाटावर येते.

वहिनींच्या मनांत आणखी एक प्रश्न असतो, जो त्या सहसा सर्वांसमोर विचारीत नाहींत. घरांत कोणी अबोल झाला आहे काय? कर्ज, नापिकी, परीक्षेंतील अपयश, जडलेलें व्यसन यांमुळें कोणाच्या मनावर काळोखी आली आहे काय? अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं साहाय्य जाहीर केलें त्यांत होते, आणि तें साहाय्य कां द्यावें लागलें हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. अमेरिकेंत डॉ. आर्थर केलरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, ज्या घरांत बंदूक होती तेथें आत्मघाताचा धोका बंदूक नसलेल्या घरांच्या मानानें सुमारें पांचपट आढळला. तिकडील घरें आणि इकडील घरें सारखीं नव्हेत हें खरें. पण मनाची वाईट घटका सर्वत्र सारखीच असते. ती पुष्कळदां टळून जाते. मात्र त्या घटकेला हाताशीं साधन नसावें लागतें. म्हणून अशी शंका असेल, तर परवान्याचा विचार त्या घरानें सोडून द्यावा, आणि शस्त्र आधींच घरांत असेल, तर तें परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यांत कायदेशीर रीतीनें ठेवण्याची व्यवस्था करावी. ज्याच्याविषयीं चिंता वाटते त्यास एकटें न ठेवतां डॉक्टरांकडे न्यावें. हें सांगणाऱ्या वहिनीला किंवा सुनेला कोणी शंकेखोर म्हणूं नये. घरांतलें जें इतरांस दिसत नाहीं तें पुष्कळदां तिलाच प्रथम दिसतें.

विरोध करणाऱ्यांसहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. बंदुकीचें नांव काढणारा प्रत्येक मनुष्य क्रूर किंवा मिरवणारा असतो, असें मानूं नये. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें रायफल नेमबाजींत जगज्जेत्या झाल्या; त्याच जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. एन. सी. सी. मध्यें रायफल चालविण्यास शिकलेल्या मुली आपल्या घरांतहि असतील. त्या मैदानावर शिस्त कशी असते हें त्यांना विचारावें: आज्ञेवांचून हत्यारास हात लागत नाहीं, नळी कधीं माणसाकडे वळत नाहीं, आणि काम संपतांच तें रिकामें करून जागच्या जागीं ठेवलें जातें. शस्त्राची भीति वाटणाऱ्यानें ही शिस्त पाहिली, तर त्याची भीति कदाचित् जाणार नाहीं. पण कोणते प्रश्न विचारावेत हें त्यास कळेल. तसेंच रात्री जागून शेत राखणाऱ्या, पहाटे तुडविलेली तूर पाहून खाली बसणाऱ्या भावाचें दुःख शहरांत राहणाऱ्यांनीं हसण्यावारी नेऊं नये. "बंदूक नको" असें म्हणणाऱ्यानें "मग काय करूं?" या प्रश्नाचें उत्तरहि शोधण्यास हातभार लावावा.

तें उत्तर अगदींच नाहीं असें नव्हे. शेजारच्या चार-पांच शेतकऱ्यांनीं पाळीपाळीनें मचाणावर राखण करणें ही जुनी रीत आहे. सौरकुंपणांतील विजेचा झटका क्षणभराचा असतो. जनावर दचकून मागें फिरतें, पण त्याचा जीव जात नाहीं. जंगलालगतच्या गांवांसाठीं २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, तिचीहि चौकशी करावी. पीक गेल्यास वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करतां येतो. पंचनाम्यासाठीं वेळ न दवडतां कळवावें. मात्र कुंपणाच्या तारेंत चोरून घरगुती वीज सोडण्याचा मार्ग कोणीहि पत्करूं नये. त्यानें वाघ मेले आहेत आणि माणसेंहि मेलीं आहेत. शहरांतील भावाला एका कुंपणाचा अर्धा खर्च उचलतां आला, तर त्याच्या विरोधास अधिक वजन येईल.

मित्रमंडळींविषयीं थोडेंसें. बंदूक घरीं आहे ही गोष्ट ओसरीवर बसून सांगण्याची नव्हे, आणि ती बाहेर काढून दाखविण्याची तर मुळींच नव्हे. पण आपल्या मुलांबरोबर खेळावयास येणाऱ्या मुलाच्या आईनें सरळ विचारलें, तर तिला खरें सांगावें व ती कोठल्या बंदोबस्तांत आहे हेंहि सांगावें. तिनें मुलाला पाठविलें नाहीं, तर रागावूं नये.

सारांश, ज्यास परवाना हवा त्यानें प्रथम कागदावर चार गोष्टी लिहाव्या: गरज कोणती, कायदा काय म्हणतो, हत्यार व किल्ली कोठें राहील, आणि दुसरा कोणता उपाय करून पाहिला. तो कागद घरांतील सर्व जाणत्या माणसांपुढें, स्त्रियांपुढेंहि, वाचावा. त्यांतील एकाचेंहि मन धजत नसेल, तर कारण न विचारतां अर्ज थांबवावा. कारण परवान्यावर नांव एकाचें असलें, तरी त्या कपाटाशेजारीं सर्वांनाच निजावयाचें आहे. आणि सर्वांची संमति मिळून बंदूक घरीं आलीच, तर सरकार दर पांच वर्षांनीं विचारील तेव्हांपर्यंत थांबूं नये. दर दसऱ्यास, सोनें वाटून झाल्यावर, घरांतल्या सर्वांत वडील स्त्रीनें एवढेंच विचारावें, कीं हिची अजून गरज आहे काय. ज्या वर्षीं कोणासहि त्याचें नीट उत्तर देतां येणार नाहीं, त्या वर्षीं ती परत करून टाकावी.