कर्ज सरकारचे, फेड शेतकऱ्याची



सरकार रोखे विकून कर्ज काढते. ते रोखे देशातल्या बँकांनी, आयुर्विमा महामंडळाने घेतले तर व्याज देशातच फिरते. परदेशी सावकाराने घेतले तर काय होते, ते अर्जेंटिनात पाहावे.

१९९१ पासून तिथे एक पेसो म्हणजे एक डॉलर, असा भाव कायद्याने बांधलेला होता. त्या भरवशावर सरकारने डॉलरचे रोखे परदेशात विकले. कर्ज डॉलरचे, करवसुली पेसोची! शेतात ज्वारी पिकवणाऱ्याने कापसात फेडायचे कर्ज घ्यावे, तसला हा व्यवहार. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने हात वर केले. जानेवारी २००२ मध्ये बांधलेला भाव सुटला आणि त्याच वर्षी एका डॉलरला तीन पेसोंहून जास्त मोजावे लागले. कर्ज तेवढेच, ओझे तिपटीवर.

डॉलर कमावून आणत होता कोण? गहू, मका, सोयाबीन पिकवणारा शेतकरी. २००२ मध्ये त्याच्याच निर्यातीवर कर बसला. संकट ओसरले, कर राहिला. सोयाबीनवर तो ३५ टक्क्यांपर्यंत चढला. मार्च २००८ मध्ये सरकार आणखी वाढवू लागले, तेव्हा शेतकऱ्यांनी रस्ते अडवले आणि जुलैत ती वाढ संसदेत पडली.

सावकारही गप्प बसले नाहीत. ज्यांनी तडजोड नाकारली, ते न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये तर अर्जेंटिनाच्या नौदलाचे जहाज घाना देशाच्या बंदरात अडकवून ठेवले. डिसेंबरात ते सुटले, पण २०१६ मध्ये सरकारला पैसे मोजावेच लागले. आपल्याकडे बैलजोडी ओढून नेतात, तिकडे जहाज.

आपणही १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने गहाण टाकले होते. जून २०२४ पासून आपल्या सरकारचे रोखे एका मोठ्या जागतिक निर्देशांकात आले आहेत. हे कर्ज रुपयातले आहे, परदेशी हिस्साही लहान आहे, ही जमेची बाजू. पण घाबरलेला सावकार रोखे विकून निघाला की व्याज चढते, रुपया घसरतो, डिझेल आणि खत महागते.

परदेशी पैशाला आमचा विरोध नाही. सरकारच्या उधळपट्टीला आहे. कर्ज काढायचेच तर रुपयात काढा, आणि फेडीची वेळ आली की शेतीमालाच्या निर्यातीला हात लावू नका. ज्याने उचल घेतली नाही, त्याच्या दारात वसुली कशाला?