दुसऱ्या भागाचं गिऱ्हाईक

पनवेलच्या एका व्याख्यानाचा विषय होता ‘नवी पिढी आणि वाचन’. त्यात व्हिडिओ गेमचं काय काम, असं कुणीही विचारेल. पण वक्त्यांना एक बळी हवा होता आणि तो त्यांनी सातासमुद्रापलीकडून आणला: ‘पिलर्स ऑफ इटर्निटी 2 : डेडफायर’. तासाभराच्या भाषणातली दहा मिनिटं त्यांनी या गेमचं उत्तरकार्य केलं. समोर बसलेल्यांपैकी कुणी तो खेळलेलं नसावं, त्यामुळे काम सोपं झालं. आम्ही तो खेळलेलो आहोत, म्हणून हे लिहिणं आलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कॅलिफोर्नियातल्या ऑब्सिडियन कंपनीनं मे 2018मध्ये हा आरपीजी काढला. आरपीजी म्हणजे एखाद्या पात्राच्या अंगात शिरून, त्याच्या वतीनं बोलत-लढत-निर्णय घेत खेळायचा गेम. समीक्षकांनी वाहवा केली, गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. का? तर त्यात वाचावं फार लागतं आणि आजच्या पोरांना वाचायचा कंटाळा. शिवाय बाजार कधी चुकत नाही; जे खपत नाही त्यात खोट असतेच. तात्पर्य, लेखकांनो, कमी लिहा. टाळ्या.

एवढं ज्ञान त्यांना बहुधा घरातल्या एखाद्या भाच्याकडे बघून झालं असावं. भाचा पबजी खेळत असणार. पबजी मोबाइल त्याच वर्षी, मार्चमध्ये जगभर आला, फुकट होता, आणि जिओनं स्वस्त केलेल्या डेटावर आमच्या मोहोपाड्यापासून कर्जतपर्यंत पोरं त्याच्यामागे लागली. भाचा डेडफायर खेळत नव्हता, हे कबूल. भाचा बुद्धिबळही खेळत नव्हता.

आता त्या शब्दांच्या ओझ्याकडे वळू, कारण सगळं भाषण त्याच एका खांबावर उभं होतं.

डेडफायर हा दुसरा भाग आहे. पहिला ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ मार्च 2015मध्ये आला. तो काढण्यासाठी कंपनीनं 2012 साली किकस्टार्टरवर सरळ लोकांपुढे हात पसरला आणि 73 हजारांवर लोकांनी मिळून जवळजवळ 40 लाख डॉलर दिले. शब्दबंबाळपणाचाच आरोप करायचा, तर तो या पहिल्या भागावर करावा. घसघशीत वर्गणी देणाऱ्यांना आपलं एक पात्र गेममध्ये घालता येत होतं. त्यामुळे त्यातल्या गावागावांत सोनेरी नावाची माणसं उभी असतात. त्यांच्यावर टिचकी मारली की त्यांच्या आत्म्यात डोकावायला मिळतं आणि एक लांबलचक हकिकत समोर येते. मूळ कथेशी तिचा काडीचा संबंध नसतो. पहिल्या दहा-बारा हकिकती माणूस इमानानं वाचतो, की न जाणो पुढे उपयोगी पडेल. पुढे काहीही उपयोगी पडत नाही. आपल्याकडच्या स्मरणिकेत देणगीदारांचे फोटो छापतात, त्यातलाच हा प्रकार. एवढं वाचायला लावूनही त्या गेमच्या 2016च्या फेब्रुवारीपर्यंत 7 लाखांवर प्रती विकल्या गेल्या.

दुसऱ्या भागात त्यांनी काय केलं? संवाद सगळेच्या सगळे नटांकडून वदवून घेतले. पहिल्या भागात थोडेच संवाद ऐकू येत, बाकीचे वाचावे लागत. इथे ज्याला वाचायचा कंटाळा, त्यानं खुशाल खुर्चीला टेकून ऐकावं. एखादं परकं नाव किंवा जुना संदर्भ आला, तर त्यावर माउस नेला की अर्थ तिथल्या तिथे. आता वक्त्यांचा सिद्धांत इथे लावून बघा. वाचायला लावणारा पहिला भाग आपटायला हवा होता, ऐकवणारा दुसरा चालायला हवा होता. झालं नेमकं उलट. ज्या रोगानं माणूस दगावला म्हणता, तो रोग आधीच्या धडधाकट माणसाला जास्त होता!

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण थांबवत नाही. डेडफायरनंतर दीडच वर्षानं, ऑक्टोबर 2019मध्ये, ‘डिस्को एलिसियम’ आला. मुळात एस्टोनियातल्या मंडळींनी केलेला, सुमारे दहा लाख शब्दांचा. लढाया जवळपास नाहीतच. एक दारुडा पोलीस, एक खून, आणि बाकी वाचन. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्यानं चार पुरस्कार घेतले आणि खपलाही चांगला. डेडफायरच्या आधी सप्टेंबर 2017मध्ये आलेला बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन 2’ शब्दांत कुणाला हार जाणारा नव्हता, तो तडाखेबंद विकला गेला. त्याच कंपनीच्या 2023मधल्या ‘बाल्डर्स गेट 3’चं तर बोलायलाच नको. शब्द मोजत बसलात तर आयुष्य जाईल, आणि पोरांच्या त्यावर उड्या पडल्या. वक्त्यांच्या बाजूनं एक हुकमाचं पान होतं, 1999चा ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’: अफाट मजकूर, मोठी कीर्ती, विक्री बेताची. ते त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून खेळलं गेलं नाही. आणि तो कुणाचा दुसरा भाग नव्हता, म्हणून आम्हीही ते बाजूला ठेवतो.

‘हल्ली कुणी वाचत नाही’ हे रडगाणं आम्ही लहानपणापासून ऐकतो आहोत. आधी रेडिओनं वाचन मारलं, मग दूरदर्शननं, मग केबलनं, आता मोबाइल मारतो आहे. इतक्या वेळा मेलेली गोष्ट दुसरी नसेल. आणि वाचन म्हणजे काय, हे ठरवणारे तेच. ज्या काळात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा लोक अधाशासारख्या वाचत होते, त्या काळातही ‘हे काय वाचन झालं?’ म्हणणारे होतेच. आमच्या कॉलनीतल्या एका मराठी माध्यमाच्या मुलाचं इंग्रजी, शब्दकोश शेजारी ठेवून गेममधले संवाद वाचता वाचता, सुधारलं. वक्त्यांच्या वहीत त्याची नोंद ‘वाचत नाही’ अशीच होणार.

आता दुसरं वाक्य: बाजार कधी चुकत नाही. रसायनीच्या माणसापुढे हे बोलताना जरा जपून बोलावं. आमच्या गावाला हे नाव ज्या रसायनांनी दिलं, ती बनवणारी हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी 1960 साली स्थापन झाली. ॲनिलीन, नायट्रोबेंझीन असला माल इथे होई. मे 2017मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं इथला कारखाना बंद करायचं ठरवलं, एक प्लँट सोडून. तो प्लँट नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. इस्रोच्या अग्निबाणांच्या विकास इंजिनात इंधन जाळायला ते लागतं. तो प्लँट इस्रोकडे गेला. एकाच आवारातले दोन माल, एका कंपनीचे. एकाला स्वस्त आयातीनं आणि म्हाताऱ्या यंत्रांनी मारलं, दुसऱ्याला ठरलेलं गिऱ्हाईक होतं म्हणून तो जगला. तेव्हाही नाक्यावर सांगणारे भेटले, की कामगार आळशी म्हणून कारखाना बुडाला. त्यांना विचारावं, की मग अग्निबाणाला लागणारं रसायन कोण बनवत होतं? खपणं आणि चांगलं असणं या दोन गोष्टी एका आवारात राहूनही एकमेकींना ओळखत नाहीत, हे इथे शाळकरी पोरालाही समजतं.

आणि डेडफायर चांगला होता का? यावर वक्त्यांनी मौन पाळलं, कारण खोट शोधायला आधी खेळावं लागतं. हा गेम एका द्वीपसमूहात घडतो. तिथे व्हेलियन ट्रेडिंग कंपनी आहे, तिची वैरी रॉयल डेडफायर कंपनी आहे, कुणालाच न जुमानणारे चाचे आहेत, आणि ज्यांच्या बेटांवरून हे सगळं भांडण चाललं आहे ते हुआना लोक आहेत. व्यापाराच्या नावाखाली आलेल्या कंपन्या बेटं गिळत जातात. कान्होजी आंग्र्यांनी दस्तक मागितलं म्हणून त्यांना चाचा ठरवणारी ईस्ट इंडिया कंपनी आणि 1721 साली तिनं पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर केलेली फसलेली स्वारी ज्या जिल्ह्यात शिकवली जाते, तिथल्या माणसाला हे काही परकं वाटायचं कारण नाही. आणि हुआनांना भाबडे आदिवासी म्हणून रंगवून लेखक मोकळे झालेले नाहीत. त्यांच्यातही उतरंड आहे. सर्वांत खालच्या रोपारूंना बाकीच्यांचं जेवण झाल्यावर उरेल ते मिळतं, आणि त्यांची वस्ती राजधानी नेकेटाकाच्या तळाशी, अंधारात. परकी कंपनी त्यांना म्हणते, आमच्याकडे या, आम्ही पोटाला घालू. खेळणाऱ्यानं काय करायचं? हुआनांच्या राणीच्या मागे उभं राहून परक्यांना हाकलायचं आणि उतरंड तशीच ठेवायची, की उतरंड मोडणाऱ्याच्या हाती बेटं द्यायची? महाडचं चवदार तळं याच रायगड जिल्ह्यात आहे. हा पेच इथे कुणाला समजावून सांगावा लागू नये. असा पेच घालणारी कादंबरी मराठीत आली असती, तर याच वक्त्यांनी तिच्यावर तीन व्याख्यानं दिली असती.

बाकीच्या शंका झटपट. समुद्र आणि चाचे लोकांना आवडत नाहीत म्हणे. 2013चा ‘ॲसॅसिन्स क्रीड 4 : ब्लॅक फ्लॅग’ कशावर चालला? लढाई पाळीपाळीनं नव्हती म्हणे. जानेवारी 2019मध्ये तीही सोय करून दिली. जाहिरात कमी पडली, हे मान्य.

मग खपला का नाही? या गेमचे दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी स्वतःच उघड सांगितलं आहे, की नक्की कारण आपल्याला सांगता येत नाही. पहिला भाग वाटला तेवढा लोकांना आवडला नसेल, किंवा त्यातच त्यांचं पोट भरलं असेल. त्यांनी हे शंका म्हणून मांडलं, आम्ही ठामपणे म्हणतो. दुसरा भाग स्वतःच्या गुणांवर विकला जातच नाही. तो पहिल्या भागाच्या शेवटच्या तासावर विकला जातो. पहिल्याला पैसे देणारे पुष्कळ जण 1998च्या ‘बाल्डर्स गेट’च्या आठवणीला पैसे देत होते. आठवण एकदाच विकत घेता येते. ज्यांनी तो अर्ध्यात सोडला, त्यांना पुढचा भाग नको होता. ज्यांनी संपवला, त्यांच्यातले बरेच तृप्त झाले. आणि नवं गिऱ्हाईक नावापुढचा ‘2’ बघून दारातूनच परत फिरलं. आत आलं असतं तरी काय? सुरुवातीलाच एक देव तुमचा किल्ला उद्ध्वस्त करतो, तुम्ही मरता, आणि मृत्यूची देवता विचारते, मागच्या वेळी तू काय काय निर्णय घेतले होतेस? नवख्यानं काय सांगावं! तयार उत्तरांतून एक निवडायची सोय आहे, पण लग्नाच्या पंगतीत चुकून शिरल्यासारखं वाटायचं ते वाटतंच.

‘ओरिजिनल सिन 2’ आणि ‘बाल्डर्स गेट 3’ यांच्या नावांतही आकडे आहेत, असं वक्ते म्हणतील. आहेत. पण ‘ओरिजिनल सिन 2’ची गोष्ट आधीच्या गोष्टीनंतर कित्येक शतकांनी घडते आणि ‘बाल्डर्स गेट 3’ची शंभरावर वर्षांनी, तिथे कुणी मागचा हिशेब विचारत नाही. अर्नाळकरांचा झुंजारही तसाच होता. कुठलंही पुस्तक उचलावं, वाचायला लागावं.

ऑब्सिडियननं त्याच जगातला पुढचा गेम फेब्रुवारी 2025मध्ये बाजारात आणला. नायक नवा, प्रदेश नवा, नाव ‘अवाउड’, आणि त्या नावापुढे आकडा नाही.