‘पुरुषांचा’ हा शब्द कुठे गेला?

मी बुलढाणा जिल्ह्यातली. आमच्याकडे बर्फ पडत नाही. मग डोंगरउतारावरून बर्फात घसरत जाण्याच्या शर्यतीशी, म्हणजे अल्पाइन स्कीइंगशी, आमचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध शर्यतीशी नाही, तिच्या हिशेबाशी आहे.

या खेळाचा विश्वचषक १९६७ साली सुरू झाला. पहिल्याच हंगामापासून त्यात पुरुष आणि स्त्रिया दोघांच्या शर्यती होत्या. ऑस्ट्रियाची आनेमारी मोझर-प्रोल १९८० मध्ये निवृत्त झाली, तेव्हा तिच्या नावावर ६२ विजय होते. तेवढे त्या वेळी एकाही पुरुषाकडे नव्हते. पुढे स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कने तिला मागे टाकले आणि १९८९ पर्यंत ८६ शर्यती जिंकल्या. खेळाडू मोठाच. त्याच्या खालोखालचा पुरुष मार्सेल हिर्शर, तोही ६७ वर थांबला. चौतीस वर्षे हा ८६चा आकडा नुसता ‘विक्रम’ म्हणून मिरवला. लिंडसे व्हॉनने २०१९ पर्यंत ८२ शर्यती जिंकल्या, तो मात्र ‘महिलांचा विक्रम’.

११ मार्च २०२३ रोजी स्वीडनमध्येच, ओरे येथे, मिकाएला शिफ्रिनने ८७वी शर्यत जिंकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये शंभरावी. आता स्टेनमार्कच्या आकड्यामागे ‘पुरुषांचा’ हा शब्द लागतो. बाई पुढे गेली तेव्हा कुठे आठवले, की तो पुरुष होता!

काही जण म्हणतील, दोघांचे उतार वेगळे, तुलना कशाला? नका करू. पण मग विशेषण दोघांनाही लावा. आणि उतार वेगळे ठेवले कुणी? २०१२ मध्ये कॅनडातल्या लेक लुईस येथे पुरुषांबरोबर धावू द्या, अशी मागणी व्हॉननेच केली होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने ती फेटाळली. वेगळे ठेवायचे तुम्ही आणि वेगळेपणाचा कमीपणा तिच्या माथी!

हे परक्यांचेच पाप नाही. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने ग्वाल्हेरला नाबाद २०० धावा केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक म्हणून देशभर जल्लोष झाला. पण ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १६ डिसेंबर १९९७ रोजी डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या, त्याही आपल्या मुंबईत. सचिनचे द्विशतक पुरुषांमधले पहिले. तो एक शब्द गाळला, की बाई इतिहासातून गळते.

आता गावात या. आमच्या जिल्ह्यात कापूस बायका वेचतात, किलोच्या हिशेबाने मजुरी घेतात, निंदण-खुरपण करतात. ‘विक्रमी उत्पादन घेणारा शेतकरी’ म्हणून शाल-नारळ मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाला. तो शेतकरी, ती ‘महिला शेतकरी’. तो सरपंच, ती ‘महिला सरपंच’. तो माणूस आणि आपण त्यातला एक पोटप्रकार!

मैत्रिणींनो, शब्द फुकट असतो म्हणून तो सोडून देऊ नका. पोरांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, सत्काराच्या पत्रिकेत नुसता ‘विक्रम’ दिसला, की विचारा : कुणाचा? पुरुषांचा असेल तर तसे लिहायला लावा. आणि सर्वांचा असेल, तर आमचा आकडाही त्याच रकान्यात मोजा.