आठव्या श्रेणीनंतर काय?

हायस्कूलमधली एखादी मुलगी पियानो आणि व्हायोलिन अशी दोन्ही वाद्ये वाजवते, लंडनच्या परीक्षांची आठवी श्रेणी तिने दोन्हींत मिळवली आहे, असे कानावर आले की आपण मध्यमवर्गीय माणसे दोनच प्रश्न विचारतो. पहिला, ‘अभ्यासाला वेळ कसा मिळतो?’ आणि दुसरा, ‘याचा पुढे उपयोग काय?’ तिसरा प्रश्न साधा आहे : ‘आम्हाला ऐकवशील का?’ तो मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझे आजचे म्हणणे त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

आधी कौतुक कशाचे करायचे ते नीट समजून घेऊ. पियानोला ८८ पट्ट्या. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते आणि सूर उमटतो. तो सूर आधीच लावून ठेवलेला असतो. लहान मुलाने बोट ठेवले तरी तो बेसूर होत नाही. अडचण वेगळीच असते. दोन हात दोन निरनिराळी कामे करतात, डोळे एकाच वेळी दोन ओळींतली स्वरलिपी वाचतात आणि दहा बोटांमधून चार-पाच सूर एकदम निघतात. व्हायोलिनला तारा चारच. पण सतारीसारखे पडदे नाहीत की पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. बोट केसभर सरकले की सूर गेला. म्हणजे पियानोवर सूर हाताशी असतो आणि त्यांची इमारत बांधायची असते. व्हायोलिनवर मात्र एकेक वीट स्वतःच भाजावी लागते. पियानोवाला एकटा बसून अख्खी मैफल उभी करू शकतो. व्हायोलिनवाल्याला बहुतेक वेळा दुसऱ्याची सोबत लागते. ही दोन वाद्ये शिकणे म्हणजे दोन स्वभाव अंगी बाणवणे होय.

असे दोन्ही जमलेली मुले जगात झाली आहेत. १९२१ साली जन्मलेला बेल्जियमचा आर्थर ग्रुमियो अकराव्या वर्षी शार्लरोआच्या संगीतशाळेत व्हायोलिन आणि पियानो या दोन्हींत पहिला आला होता. म्युनिकच्या यूलिया फिशरने १९९५ साली, शाळेत असतानाच, मेन्यूहिन यांच्या नावाची व्हायोलिनस्पर्धा जिंकली. पण आईकडून शिकलेला पियानो तिने सोडला नाही. १ जानेवारी २००८ रोजी फ्रँकफर्टच्या एकाच कार्यक्रमात तिने सँ-साँसचा व्हायोलिन कंचेर्टो आणि ग्रीगचा पियानो कंचेर्टो असे दोन्ही वाजवले. ही नावे मी मुलांवर दडपण आणायला सांगत नाही. दोघांच्याही बाबतीत शाळकरी वयातले यश ही सुरुवात होती, एवढेच मला दाखवायचे आहे. आपल्याकडे तोच शेवट ठरतो.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. दहावीपर्यंत व्हायोलिनची आठवी आणि पियानोची सातवी श्रेणी तिने मिळवली. प्रमाणपत्रे फ्रेम करून हॉलमध्ये लागली. अकरावीचे क्लास सुरू झाले तसे इलेक्ट्रॉनिक पियानोवर कव्हर चढले आणि पुढे त्या कव्हरवर इस्त्रीचे कपडे येऊन बसले. आईवडिलांना मी दोष देत नाही. मुलांच्या पोटापाण्याची काळजी खोटी नसते आणि प्रवेशपरीक्षांचा धाकही खोटा नसतो. पण त्या मुलीचे वडील मला समाधानाने म्हणाले, “काका, आता फाइल पूर्ण झाली.” तो शब्द मनात रुतून बसला.

तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत काढलेला माणूस कागदाच्या विरुद्ध असू शकत नाही. २००१ साली शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली, त्यानंतर अशा कितीतरी फायली माझ्या टेबलावरून गेल्या. त्यांत गुणपत्रिका असत, पोहण्याचे पदक असे आणि संगीताच्या परीक्षेचे प्रमाणपत्रही असे. कागदाने पात्रता कळते. माणूस पुढे काय करील ते कळत नाही, हे कर्ज देणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते!

परीक्षाही वाईट नाहीत. ट्रिनिटीच्या परीक्षा १८७७ पासून, तर असोसिएटेड बोर्डाच्या १८९० पासून चालत आल्या आहेत. ठरलेल्या रचना, सुरावलींचा सराव, समोर आलेली स्वरलिपी पाहताक्षणी वाजवणे, नुसत्या कानाने ओळखणे, हे सगळे त्यांत तपासले जाते. अनोळखी परीक्षकासमोर उभे राहण्याची सवय लागते, तीही चांगलीच. शिवाय विलायतेत सहाव्या श्रेणीपासून पुढे विद्यापीठप्रवेशासाठी गुणही मिळतात. घोटाळा तिथेच सुरू होतो. साधन कुठले आणि साध्य कुठले, याचा विसर पडतो.

आणि हा दोष साहेबाच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते गाणे घराघरांत जावे म्हणून. पुढे ‘विशारद’ ही पदवी महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलींनी मिळवली. पण मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी ‘एखादे पद म्हणून दाखव बाळ’ म्हणावे, तिने ते म्हणावे, आणि लग्नानंतर तंबोरा माळ्यावर जावा, हे किती घरांत घडले! त्या काळी गाणे लग्नाच्या बाजारात चाले, आज वाद्य प्रवेशाच्या बाजारात चालते. बाजार बदलला, माळा तोच राहिला.

याचा परिणाम सार्वजनिक जीवनातही दिसतो. मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता पुढे जगभर गाजले. पण २००६ साली एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हा बरेचसे वादक परदेशातून, विशेषतः कझाकस्तानातून, आणावे लागले. इतक्या पिढ्या या शहरात मुले श्रेणीमागून श्रेणी पार करत होती, ती गेली कुठे? त्याच संस्थेने २०१२ पासून लहान मुलांसाठी अकादमी काढली. रोग त्यांना बरोबर कळला असे मी म्हणेन.

याच्या उलट गोव्याकडे पाहा. पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळांतून खेड्यापाड्यांतल्या पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. हेतू धार्मिक होता, वसाहतीचा होता, हे नाकारायचे कारण नाही. पण त्या पोराला पहिल्यापासून इतरांबरोबर वाजवावे लागे : मिसेला, सणाला, लग्नाला, मयताला. त्या शिक्षणाच्या परंपरेतून आलेल्या वादकांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंद दिला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचे शिष्य. १९५८ साली त्यांनी भारतीय आणि पाश्चात्य संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंदही उभारला. ‘अमर अकबर अँथनी’मुळे १९७७ साली त्यांचे नाव देशभर झाले, पण हा माणूस खरोखर होता हे गाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होते? या वादकांपैकी बहुतेकांची नावे तबकड्यांवर आली नाहीत. त्यांच्याकडे फाइल नव्हती. सूर होते, आणि ते लोकांच्या कानांपर्यंत पोचले.

आणखी एक उदाहरण व्हेनेझुएलाचे. होसे आंतोनियो आब्रेऊ हा संगीतकार, आणि पेशाने माझ्या जवळचा, म्हणजे अर्थशास्त्रज्ञ. १९७५ साली मूठभर मुलांना एका गॅरेजमध्ये जमवून त्याने वाद्यवृंद सुरू केला. पुढे त्यातून गरीब वस्त्यांतल्या लाखो मुलांच्या हाती वाद्ये आली. एकट्याने शिकून मग कधीतरी इतरांत मिसळायचे, हा क्रम त्याने उलटा केला. मुले पहिल्यापासून एकत्र वाजवत. गोव्यात २००९ पासून ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ अशाच ध्येयाने गरीब मुलांना शिकवते आहे.

मग आपण काय करावे? फार मोठ्या गोष्टी नकोत. व्हायोलिन मुलाच्या उंचीप्रमाणे घ्यावे लागते : आधी पाव, मग अर्धे, मग पाऊण, मग पूर्ण. म्हणजे शिकणाऱ्या प्रत्येक घरात एक-दोन लहान व्हायोलिने पेटीत पडून असतात. त्यांवर व्याज मिळत नाही, उलट तारा गंजतात. शाळांनी पुस्तकपेढी चालवली तशी वाद्यपेढी चालवावी. आठवी श्रेणी मिळवलेल्या मुलीने आठवड्यातून एक तास, ज्याच्या घरी वाद्य परवडत नाही अशा दोन पोरांना धडे द्यावेत. गणेशोत्सवाच्या मंडपात ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच होतात, ते खुशाल होऊ द्यात. पण पंधरा मिनिटे आपल्याच इमारतीतल्या मुलांच्या वाद्यांना द्यावीत. मोत्सार्ट समजला नाही तरी चालेल. बाप्पा काही श्रेणी विचारत नाही.

अकरावी-बारावीत सराव तीन तासांवरून वीस मिनिटांवर आला तरी बिघडत नाही. खाते चालू राहिले पाहिजे. कारण परीक्षेची तारीख उलटून जाते; माणसाला सुराची गरज मात्र पुढेच पडते, चाळिशीत, साठीत, घर रिकामे झाल्यावर. तेव्हा भिंतीवरची फ्रेम उपयोगी येत नाही, बोटे येतात. म्हणून शेजारची मुलगी आठवी श्रेणी पास झाल्याचे पेढे घेऊन आली, तर पेढा जरूर घ्या. पण तिला तसेच परत पाठवू नका. ‘व्हायोलिन घेऊन ये,’ म्हणा.