कुंडलिकेच्या मुखाशी

रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे कुंडलिका नदी सागरास मिळते. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब येणारे पर्यटक किनाऱ्यावर रमतात. परंतु नारळी-पोफळीच्या वाड्यांत उभा असलेला पोर्तुगीजकालीन सातखणी मनोरा अनेकांच्या दृष्टीतून सुटतो. त्याचे वरचे खण केव्हाच ढासळले आहेत. १७४० मध्ये पोर्तुगिजांनी हा प्रदेश मराठ्यांच्या स्वाधीन केला. ते गेले, तरी खाडीपलीकडील कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली बोली आजही बोलली जाते. पडक्या तटाची डागडुजी गवंडी करू शकतो. बोली मात्र घरातील मुलांनी बोलली, तरच टिकते. सहलीहून परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या आजीची बोली मुलांच्या तोंडी आहे का, हे अवश्य पाहावे.