कब-बुलबुल पथक आणि पालकवर्ग

आपल्या पाल्याचे नाव कब वा बुलबुल पथकात घालावे की नाही, असा प्रश्न प्राथमिक वर्गांतील मुलांचे पालक आम्हांस वारंवार विचारतात. मूल अजून लहान आहे, अभ्यास मागे पडेल, आणि एवढे करून गुण तरी किती मिळणार, ह्या त्यांच्या मुख्य शंका होत.

पहिली शंका जुनीच आहे. बेडन पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर मोठ्या मुलांचे शिबिर भरविले व त्यातून स्काऊट चळवळ वाढली, तेव्हा धाकटी भावंडेही हट्ट धरून बसली. त्यांच्यासाठी १९१६ साली कब शाखेची रीतसर योजना झाली. ह्या बालकांस मोठ्यांची शिस्त न लावता बेडन पॉवेल यांनी एक गोष्ट दिली. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या 'जंगल बुक'मधील, सिवनीच्या अरण्यात वाढलेल्या मोगलीची. आपल्या देशात भारत स्काऊट्स आणि गाईड्स ह्या संस्थेत पाच ते दहा वर्षांच्या मुलांस कब व मुलींस बुलबुल म्हणतात. तेव्हा वय लहान आहे, हेच पथकात जाण्याचे कारण होय.

अभ्यासाविषयी म्हणाल, तर पथकातही शिक्षणच चालते. मात्र ते हातापायांचे व स्वभावाचे असते. सहा-सहा मुलांचा एकेक गट असतो, व त्यांतील एक नायक होतो. घरी ज्यास सर्वजण सांभाळतात, त्या आठ वर्षांच्या मुलाने येथे सहा वर्षांच्या सोबत्यास दोरीची गाठ शिकवावयाची असते. वडीलधाऱ्यांचा मान राखावा, स्वच्छ व विनयशील असावे, आणि रोज एक सत्कृत्य करावे, हा तेथील नियम.

राहता राहिले गुण. वर्गात पहिला क्रमांक एकासच मिळतो. पथकाचे ब्रीद मात्र 'होईल तितका प्रयत्न करावा' असे आहे. जो मुलगा परीक्षेत सदैव मागे राहतो, त्यासही हे ब्रीद पाळता येते. आमच्या मते पथकाचे खरे मोल ह्यातच आहे. आपण काही चांगले करू शकतो, हा विश्वास ज्या बालकास लहानपणी लाभला नाही, त्यास तो पुढे मिळणे कठीण जाते.

तथापि पालकांस एक विनंती करावीशी वाटते. बुटाची नाडी आईने बांधली, पिशवी वडिलांनी भरली आणि सत्कृत्याची नोंद ताईने लिहिली, तर पथकात नक्की गेले कोण? गणवेश चुरगळू द्या, गाठ सुटू द्या. केवळ प्रमाणपत्राच्या लोभाने मुलास धाडू नका, आणि त्याचे मन नसेल तर बळजबरीही करू नका.

आणि बालमित्रांनो, घरी कोणी न सांगता आज एक काम करून पाहा. ते कोणास सांगू नका. त्याचा आनंद कसा असतो, हे तुमचे तुम्हांसच कळेल.