थोडा ताण चांगलाच!

लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान हे एक अजब प्रकरण आहे. तिथे दोन वर्षांच्या मुलासाठी कार्गो पँट मिळते, चक्क सहा खिशांची. त्या खिशांत तो ठेवणार काय? चुरमुरे? तीन वर्षांच्या मुलीसाठी स्किनी जीन्स मिळते. पितळी बटण, चेन, वर बेल्टसुद्धा! चिमुकले ब्लेझर, कॉलरवाले शर्ट, डेनिमची जॅकेट्स... थोडक्यात काय, तर आपण ऑफिसला घालून जातो तेच सगळं, फक्त छोट्या मापात. फोटोत भन्नाट दिसतं, वादच नाही. पण ज्या व्यक्तीला हे दिवसभर अंगावर वागवायचंय, तिचं मत कुणी विचारलंय का?

माझ्या लेकीनं तिचं मत न विचारताच दिलं. तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मी हिंजवडीत, नवरा खराडीत आणि ती पाळणाघरात. घरी बाईसाहेबांना सगळं कळत होतं, वेळेवर सांगायची, वेळेवर पळायची. पाळणाघरात मात्र रोज पँट ओली. ‘‘अजून सवय लागलेली नाही हो, डायपर घालूनच पाठवा,’’ असा तिथून निरोप. एका शनिवारी मामानं पाठवलेली तीच जीन्स तिला घरात घातली आणि नुसतं बघत बसले. पोरगी बाथरूमच्या दारापर्यंत अगदी वेळेवर पोचली. पुढे घोडं अडलं! दोन्ही हातांनी बटण ओढतेय, ते काही सुटेना, चेहरा लालबुंद, आणि मग व्हायचं तेच झालं. तिला सगळं कळत होतं. बोटांना बटण जमत नव्हतं, इतकंच. आणि चारचौघांत पँट ओली झाली की तीन वर्षांच्या माणसालाही लाज वाटते बरं का!

तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. दिवसाचे दहा तास मी तिच्याजवळ नसते. तिथे माझ्या वतीनं हजर असतात ते तिचे कपडे. मग ते तिच्या बाजूचे नकोत का?

आता थोडं कापडशास्त्र. घाबरू नका, प्रेझेंटेशन नाहीये. शर्टाचं किंवा जीन्सचं कापड म्हणजे उभे-आडवे धागे एकमेकांत घट्ट विणलेले. ते फारसं ताणलं जात नाही. टी-शर्टचं कापड, म्हणजे ज्याला आपल्याकडे सरसकट ‘होजिअरी’ म्हणतात, ते स्वेटरसारखं एकात एक अडकवलेल्या फासांचं असतं, फक्त फास अगदी बारीक. ओढलं की फास रुंदावतात, सोडलं की परत जागेवर. बटण नको, चेन नको. डोकं, हात, ढुंगण सगळं आत जातं आणि बाहेरही येतं. हे विणायचं यंत्र इंग्लंडच्या विल्यम लीनं १५८९ मध्ये बनवलं, तेव्हा ते पायमोज्यांसाठी होतं. पुढे १९१० च्या दशकात कोको शनेलनं हेच कापड, जे तोवर मुख्यतः पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरलं जायचं, बायकांच्या फॅशनमध्ये आणलं. तिनं हेरलं होतं की हालचाल करणाऱ्या माणसाला मोकळा कपडा लागतो. आणि तीन वर्षांच्या पोरापेक्षा जास्त हालचाल कोण करतं?

‘पण हे तर बाजारात रेडिमेड मिळतं!’ असं तुम्ही म्हणणार. मिळतं ना! तिरुपूरला अख्खं शहर त्यावर चालतं. तरीही घरी शिवून बघाच. कारण कच्चा माल तुमच्या कपाटात पडलाय. टीम आउटिंगचा टी-शर्ट, मॅरेथॉनचा टी-शर्ट, प्रॉडक्ट लाँचचा डबल एक्सेल टी-शर्ट... धुऊन धुऊन मऊ झालेले, आटायचे तेवढे आधीच आटलेले. नवं कापड आणलंत तर ते आधी धुऊन, वाळवूनच कापा, कारण सुती होजिअरी धुतल्यावर आटते. आणि हो, हे कापड बऱ्याचदा किलोवर विकतात, तेव्हा दुकानात गोंधळू नका. १८० ग्रॅम वजनाचं, १८० सेंटिमीटर पन्ह्याचं कापड एका किलोत साधारण तीन मीटर बसतं.

तर पायजम्याची कृती. मुलाचा नीट बसणारा एक ढगळ पायजमा घ्या. मधोमध दुमडून वर्तमानपत्रावर ठेवा आणि कडेनं रेघ मारा. शिवणीसाठी एक सेंटिमीटर आणि वर इलॅस्टिकच्या नेफ्यासाठी तीन-चार सेंटिमीटर जास्त. मागची बाजू पुढच्यापेक्षा दोनेक सेंटिमीटर उंच ठेवा, नाहीतर बसताना कंबर खाली घसरते. आता टी-शर्ट सपाट पसरा. कागदाची बाहेरची कड टी-शर्टच्या बाजूच्या दुमडीवर आणि पायाचं टोक खालच्या तयार शिवलेल्या काठावर. एका बाजूला एक पाय, दुसऱ्या बाजूला दुसरा. झाला की नाही शॉर्टकट? बाहेरची शिवण नाही आणि पायाचा काठ दुमडायची कटकटही नाही, जी घरच्या मशीनवर सगळ्यात त्रासाची असते. टी-शर्ट आडवा जास्त ताणला जातो, तोच ताण आपोआप पायाभोवती येतो. तो तसाच यायला हवा.

शिवताना दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, सुई. साध्या सुईचं टोक अणकुचीदार, ते फास तोडतं आणि तिथे भोक पडतं. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोल असतं, ते फासांच्या मधून वाट काढतं. टेलरिंगचं सामान मिळतं तिथे मागा. दुसरी, टाका. सरळ टाका ताणला की तट्कन तुटतो. म्हणून अगदी अरुंद झिगझॅग घाला, म्हणजे कापडाबरोबर तोही ताणला जाईल. दोरा पॉलिएस्टरचा. मशीन आईचं जुनं, फक्त सरळ टाक्याचं असेल तरी अडत नाही. टाका बारीक ठेवा आणि दोन पायांना जोडणारी मधली शिवण दोनदा मारा. शिवताना कापड ओढू नका, नाहीतर कडेला लाटा येतात. आल्याच तर घाबरू नका, वाफेची इस्त्री बऱ्याच लाटा बसवते. इलॅस्टिक पोटाच्या मापापेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमी. मुलाला ते स्वतः खाली करता आलं पाहिजे, ही खरी टेस्ट. पोटावर वळ उठत असेल तर सैल करा.

नाडी मात्र नको. गाठ बसली की पुन्हा बटणाचीच कथा. आणि गळ्याशी तर नाडी नकोच नको. खेळताना घसरगुंडीत वगैरे अडकण्याचा धोका असतो, म्हणून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं १९९६ मध्येच मुलांच्या जॅकेटांच्या नाड्यांबद्दल सूचना काढल्या होत्या.

माझी आजी जुन्या मऊ साडीची झबली शिवायची. पाठीशी बंद, म्हणजे बाळाला न उठवता काढता-घालता येतील. तान्ह्या बाळाच्या बाबतीत कपडा आईच्या हाताला सोपा हवा. मूल पळायला लागलं की तो मुलाच्या हाताला सोपा हवा. आजीचंच लॉजिक, फक्त हात बदलले.

माझ्या बाईसाहेबांना एका रविवारी दोन पायजमे झाले. एका मांडीवर माझ्या जुन्या कंपनीचं घोषवाक्य अर्धं कापलेलं आहे. आठवडाभरात पाळणाघरातून निरोप आला, ‘‘आता स्वतःच जाऊन येते.’’ डायपरचा विषय कुणी काढला नाही.

सहा महिन्यांत पायजमे आखूड होतील. होऊ देत! पोरं वाढणारच आणि आपल्या ऑफिसात टी-शर्ट वाटप काही थांबणार नाही. पगारवाढीच्या बदल्यात मिळालेल्या त्या एक्सेल टी-शर्टाचं काय करायचं, हे आता तुम्हाला माहीत आहे.